टाळ्या घेणारी हाक

एका जंगलात सगळं ठीक चाललं होतं आणि बालमित्रांनो, काही जणांना नेमकं हेच खटकत होतं.

त्या जंगलात नाल्याकाठी अर्जुनाचं एक मोठं झाड होतं. झाडावर उकंडा नावाचा वानर राहायचा आणि खाली चितळांचा कळप चरायचा. दोघांचा जुना करार होता. उकंडा खायचा थोडं आणि सांडायचा फार, त्यामुळे चितळांना कोवळा पाला आयता मिळे. त्याबदल्यात चितळांच्या नाकाला काही वास आला, की ती उकंडाला सांगत. आणि उकंडाला वरून वाघ दिसला, की तो ओरडे, "खर्र-खॉक! खर्र-खॉक!" मग चितळं शेपट्या उभ्या करून धूम ठोकत.

बारा वर्षांत दिवसाउजेडी एकही चितळ वाघाच्या तोंडी गेलं नव्हतं. उकंडाला याचा भारी अभिमान होता. स्वतःच्या डोळ्यांनी वाघ पाहिल्याशिवाय तो कधी ओरडला नाही. एकदा नुसतं गवत हललं म्हणून त्याच्या चुलतभावानं हाक दिली, तर उकंडा त्याच्याशी वर्षभर बोलला नव्हता.

त्या वर्षी हिवाळ्यात जंगलात आंतरराष्ट्रीय डिजिटल कला महोत्सव भरला. आंतरराष्ट्रीय कशावरून? तर करकोचा परदेशातून आला होता. तसा तो दर हिवाळ्यात यायचाच, पण या खेपेला गळ्यात ओळखपत्र घालून आला. तो क्युरेटर होता. क्युरेटर म्हणजे कोण, असं विचारू नका मुलांनो. दुसऱ्यानं केलेली वस्तू कुठं ठेवायची हे जो ठरवतो, आणि ठेवल्यावर ती तुम्हाला कळणार नाही अशी सोय करतो, तो क्युरेटर.

नाल्याच्या पलीकडे मोठमोठे पडदे लागले. एका पडद्यावर मगर अकरा तास तोंड उघडं ठेवून बसली होती. खरी मगर शंभर पावलांवर तशीच बसली होती, पण तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. काजव्यांना आठवडाभर सुट्टी दिली होती, कारण त्यांच्या लुकलुकण्यानं कृत्रिम काजव्यांच्या दिव्यांना बाधा येत होती.

करकोचा उकंडाकडे आला आणि एका पायावर उभा राहिला.

"आपल्या आवाजात एक आदिम अस्वस्थता आहे," तो म्हणाला. "मला ती हवी आहे. वाघ आला असं समजून जरा ओरडाल का?"

"वाघ नाई अन् ओरडू?" उकंडा म्हणाला. "आमच्यात नाई चालत बाप्पा."

करकोच्याचा धीर दांडगा. त्यानं झाडाला माइक बांधले आणि वाट पाहत बसला. अकराव्या दिवशी वाघ नाल्यातून खरोखर गेला, उकंडा जीव तोडून ओरडला आणि करकोच्याचं काम झालं. मग त्यानं उकंडापुढं कागद धरला. उकंडानं अंगठा दिला. आपला आवाज जगभर जाणार, म्हणून तो मनातून सुखावला होता. खोटं कशाला बोलू?

उद्घाटनाच्या दिवशी चार भोंग्यांतून हाक घुमली, "खर्र-खॉक!" चितळांचा कळप जो उधळला, तो दोन पडदे आणि अध्यक्षांची खुर्ची पाडूनच थांबला.

करकोच्यानं सगळ्यांना परत बोलावलं. तो रागावला नाही, फक्त फार दुखावल्यासारखा दिसला.

"पळायचं नसतं," तो म्हणाला. "अनुभवायचं असतं. ही हाक नाही, हाकेविषयीचं विधान आहे. प्रगत जंगलांत कुणीही पळत नाही."

कळपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कळपाचा म्होरक्या शिंगराव तर फारच ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून दर अर्ध्या तासाला हाक होई आणि चितळं डोळे मिटून उभी राहत. पाय थरथरत, पण ती दाबून धरत. तिसऱ्या दिवशी पाय थरथरायचे थांबले. चौथ्या दिवशी शिंगराव म्हणाला, "डाव्या भोंग्यातली भीती जरा जास्त गडद आहे." त्यावर पहिल्यांदा टाळ्या पडल्या.

टाळ्या उकंडाच्या कानावर गेल्या. त्यानं झाडावरून वाकून नमस्कारही केला.

पण सगुणी नावाची एक हरिणी होती, पदरी महिन्याचं पाडस. ती संध्याकाळी झाडाखाली आली.

"उकंडाभाऊ, मले एक सांग," ती म्हणाली. "तू खरा कोणता अन् भोंगा कोणता, हे आमी कसं वयखाव?"

  उकंडा तडक करकोच्याकडे गेला आणि म्हणाला, "बंद करा ते." करकोच्यानं त्याला अंगठा दाखवला. म्हणजे उकंडाचाच, कागदावरचा.

सातव्या दिवशी दुपारी समारोप होता. झाडून सगळं जंगल जमलं होतं. उकंडा आपल्या झाडावर होता आणि त्यानं गवतात पट्टे पाहिले. वाघ सरळ मैदानाकडे चालला होता.

उकंडा ओरडला. बारा वर्षांत ओरडला नव्हता इतका ओरडला.

चितळांनी डोळे मिटले. करकोच्यानं कार्यक्रमपत्रिका पाहिली आणि शेजारच्या सांबराला म्हणाला, "हे जादा आहे."

"आवाज बरा आहे," शिंगराव म्हणाला, "पण भोंग्यातली भीती जास्त खरी वाटते. यात जरा ओढूनताणून आहे."

उकंडा फांद्यांवरून उड्या मारत मैदानाच्या डोक्यावर आला. "अरे मी भोंगा नोहो! मी आहो, उकंडा! वाघ आला, वाघ! पया!"

"वा! आता शब्दही घातले," सांबर म्हणालं.

वाघ दबा धरून बसला. समोरच सगुणी उभी होती, डोळे मिटून, पाडस पायाशी. उकंडा वानर होता, वानराला जमिनीवर वाघाची फार भीती. तरी त्यानं खाली उडी टाकली आणि सगुणीच्या फाडकन कानशिलात लगावली.

सगुणीचा संताप झाला. ती मान खाली घालून त्याच्या मागं लागली, उकंडा पुढं पळाला आणि पाडस आईच्या मागं. तिघं मैदानाबाहेर गेली, तेवढ्यात वाघानं झेप घेतली.

शिंगरावानं शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. लोकांनी उघडले आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. असं थेट सादरीकरण त्या जंगलात पूर्वी झालं नव्हतं.

टेकडीच्या चढावर सगुणीनं उकंडाला गाठलं.

"कायले मारलं मले, भाऊ?"

उकंडानं मागं बोट केलं. सगुणीनं पाहिलं आणि पाडसाला पोटाशी घेतलं. उकंडा मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. शिंगरावाला वाघानं खाल्लं होतं, पण त्याला उभं आपल्याच हाकेनं केलं, हे उकंडाला कळत होतं.

परीक्षक मंडळानं प्रेक्षक-सहभागाचं पहिलं बक्षीस वाघाला दिलं. सभ्य प्रेक्षकाला कानशिलात मारल्याबद्दल उकंडाला जंगलबंदी झाली. सगुणी त्याच्याबरोबर टेकडीपलीकडे राहायला गेली. तिथं आजही तो ओरडला की ती पळते, आणि पाडसालाही तेच शिकवते. अडाणीच राहिली बिचारी.

इकडे महोत्सव दर वर्षी भरू लागला. पाचव्या वर्षी करकोच्यानं अहवालात लिहिलं, "चितळवर्गातील रसिकांची संख्या घटली आहे, ही चिंतेची बाब आहे. मात्र वाघसाहेब एकही सत्र चुकवत नाहीत आणि दर वेळी तृप्त होऊन जातात."

तात्पर्य : मुलांनो, संकट आलं की खरं ओरडावं, पण इतकं चांगलं ओरडू नये की लोक पळायचं सोडून ऐकत बसतील.