हे गाणं तरायचं नाय

सिनेमाचं कुठलं गाणं स्वर्गात जाईल आणि कुठलं नरकात, याचा निकाल आमच्या भातसानगरच्या वसाहतीत सॅम्युअलकाका लावत. धरणावरची ड्युटी त्यांना सरकारने दिली होती; ही दुसरी त्यांनी स्वतःहून अंगावर घेतली होती.

शेजारी माझा रेडिओ लागला की काका ओट्यावर येऊन उभे राहत. डोळे मिटून गाणं ऐकत आणि संपलं की सांगत, "हे तरायचं नाय." पहिल्या ओळीलाच का सांगत नाही, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, पश्चात्तापाला शेवटच्या कडव्यापर्यंत संधी द्यायला लागते. त्यामुळे वसाहतीतली सगळी पापी गाणी फक्त काकांनाच तोंडपाठ होती. म्हसा गावच्या जत्रेत घोंगडी घ्यायला गेले, ते पाळणेवाल्याच्या झाडून सगळ्या कॅसेटी नापास करून घोंगडीशिवाय परतले.

त्यांना न जुमानणाऱ्या एकट्या मार्थाकाकू, त्यांची बायको. भाकरी थापताना त्या एक जुनं प्रेमगीत गुणगुणत. काका लगेच पेटीवर भजन सुरू करत. मग काकू आवाज चढवत. या भांडणात भाकरी मात्र हमखास करपायची.

एका पावसाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हात जरासा सुधारला, वाचा गेली ती गेलीच. काका रोज त्यांच्यापुढे पेटी घेऊन बसत, एकेक भजन वाजवून बघत. काकूंच्या तोंडून हूं की चूं नाही. भिंतीपलीकडून ते सगळं मला ऐकू यायचं. मी रेडिओ लावणंच सोडलं.

नाताळाच्या आधीच्या रविवारी काकांच्या घरी उपासना होती. शेजारधर्म म्हणून मीही बसलो होतो. भजनं झाली, काकू गप्पच. काकांनी भाता थांबवला, काकूंकडे पाहिलं आणि त्याच प्रेमगीताची चाल धरली. मंडळींना वाटलं, नवीन भजन. सगळ्यांनी भक्तिभावाने डोळे मिटले. दुसऱ्या ओळीला काकू गायला लागल्या. बोबडं, तुटक, पण सुरात. शब्द अर्धे गिळलेले, त्यामुळे त्यातला साजण कुणाच्या ध्यानात आला नाही. गाणं संपल्यावर मंडळी एकमुखाने "आमेन" म्हणाली.

सगळे गेल्यावर मला राहवलं नाही. विचारलं, "काका, हे तरंल का?"

काका काकूंचा पदर सारखा करत होते.

"ती गायली रे," ते म्हणाले. "गाण्याचं काय करायचं ते देव बघंल. तू उद्यापासून रेडिओ लावत जा. जरा मोठ्यानं लाव."