दंडावरची पट्टी

सिगारेट सोडायचं मी ठरवलं ते खोकल्याला भिऊन नव्हे, सासूबाईंना भिऊन. बनुबाई सोनईहून गुडघ्यांच्या उपचारासाठी आमच्याकडे भिंगारला राहायला आल्या होत्या, आणि त्यांचं नाक पोलिसांच्या कुत्र्यासारखं आहे. (हे वाक्य बायकोने वाचू नये.)

लवंग चघळली, बडीशेप खाल्ली, प्राणायामात चक्कर आली. शेवटी डॉक्टरांनी निकोटिनच्या पट्ट्या दिल्या. रोज एक दंडाला चिकटवायची. आणि काय सांगू, तलफ गायब! दंड असा गारेगार व्हायचा की औषध भिनतंय हे कळायचंच. ऑफिसात मी साहेबांनाही व्यसनमुक्तीवर व्याख्यान दिलं.

रविवारी सकाळी ज्योती, म्हणजे आमची बायको, किंचाळली, "अहो, आईला बघा!"

सासूबाई पलंगावर घामाघूम.

"जावईबापू, घर फिरतंय बगा. काळीज लई धडधडतंय."

मी गुडघ्यांकडे पाहिलं आणि माझंच काळीज थांबलं. दोन्ही गुडघ्यांवर माझ्या निकोटिनच्या पट्ट्या!

"आत्याबाई, या कुठून घेतल्या?"

"कपाटातनं. माज्या गुडघ्याच्याच न्हवं त्या? एकीनं गुण येईना म्हनून दोन दोन लावल्या."

पट्ट्या ओरबाडून खिशात घातल्या आणि रिक्षात बसलो. वाटेत मला उद्याचा पेपर दिसत होता : 'जावयाने सासूला विष दिले'. बेड्या दिसत होत्या. त्याहून भयंकर म्हणजे शेजारी बसलेल्या ज्योतीचा चेहरा दिसत होता.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी पट्ट्या पाहिल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "आजी, दिवसाला किती ओढता?"

"काय वढते?"

"सिगारेट."

"तुझ्या बापानं वढली आसंल!" सासूबाई ताडकन उठून बसल्या.

"आता धोका नाही," डॉक्टर म्हणाले. सलाईन लावून ते माझ्याकडे वळले. "पट्ट्या तुमच्या ना? आज लावलीय का?"

मी अभिमानाने बाही वर केली. त्यांनी वाकून वास घेतला.

"ही गुडघेदुखीची आहे."

"म्हणजे औषधाशिवायच सुटली की तुमची!" ज्योती आनंदाने म्हणाली.

मीही हसणार होतो. पण अंगात औषधाचा थेंब नाही हे कळलं आणि अशी तलफ उठली की विचारू नका. मी हळूच दाराकडे सरकलो.

"कुटं निघाला?" सासूबाईंनी माझं मनगट पकडलं.

"जरा... पाणी प्यायला."

"बसा हितंच."

दुसरं मनगट ज्योतीने धरलं. सलाईन सासूबाईंना लावलं होतं, पण जागचं हलायची सोय नव्हती ती मला.