अठ्ठेचाळिसावं नाव

एकेचाळीस वर्षांपूर्वी आम्ही वरच्या तालुक्याने यादवी युद्ध जिंकलं आणि गेल्या सोमवारी आम्ही ते हरलो. तसा हुकूम निघाला. अडचण फक्त मेलेल्यांची होती. खालच्या तालुक्याचे त्रेसष्ट मेले होते. ते आता जिंकल्यामुळे जिवंत होऊन घरी आले. हिशेब जुळवायला आमच्यातले त्रेसष्ट लागणार होते.

तलाठी शिरवळे यादी घेऊन घरी आले. चहा घेऊन झाल्यावर ते आमच्या यजमानांना म्हणाले, "काका, तुमचं नाव अठ्ठेचाळिसावं. मुरमाच्या खिंडीत, सकाळी साडेनऊला गेलात तुम्ही."

यजमान वालाच्या शेंगा सोलत होते. "साडेनऊला तर मी धडधाकट होतो."

"तेव्हा होतात. आता नाही."

"बरं," यजमान म्हणाले. कागदावर शिक्का असला की ते पहिल्यापासून असेच मवाळ. मला मात्र काही कळेना. ज्या माणसाला सकाळी पोळी वाढली, त्याचा दहावा कसा करायचा? पण घाटावर जावं लागलं. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून पिंड त्यांनी स्वतःच ठेवला.

पिंपळावर वीसेक कावळे होते. एकही खाली येईना. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

"बारापर्यंत शिवला नाही तर नाव रद्द," तलाठी म्हणाले. "काका घरी येतील. मग यालाही परत पाठवावं लागेल."

'हा' म्हणजे पायरीवर बसलेला बावीस वर्षांचा तुळशीराम. खालच्या तालुक्याचा, जिवंत होऊन आलेल्यांतला. यजमानांच्या नावासमोर त्याचं नाव होतं.

"ह्याचंच का?" मी विचारलं.

"ह्याला काकांनीच मारलं होतं ना," तलाठी म्हणाले.

एकेचाळीस वर्षं संसार केला, आणि यांच्या हातून माणूस मेलाय हे मला घाटावर कळलं.

पावणेबारा झाले. रिवाजाप्रमाणे तलाठ्यांनी विचारलं, "काका, काही इच्छा राहिलीय का?"

"गप्प बसा हो," मी यजमानांच्या कानात म्हटलं. "पंधरा मिनिटं तोंड मिटून बसा. एवढंच करा माझ्यासाठी."

ते दहा मिनिटं गप्प बसले. मग तुळशीरामला शिंक आली आणि त्याने नाक बाहीला पुसलं. यजमान म्हणाले, "ह्याला म्हातारं होऊ दे."

तरी कावळा हलेना. इच्छा पुरवू, असं घरच्या माणसाने म्हणायचं असतं. आणि घरचं माणूस मी एकटीच होते. तलाठ्यांनी घड्याळ पाहिलं. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही आहे.

"होईल म्हातारा," मी म्हणाले. "मी बघते."

कावळा आला, पिंडाला शिवला. तलाठ्यांनी रकान्यात 'होय' लिहून माझी सही घेतली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

ऊन फार होतं. तुळशीराम उघड्या डोक्याने तसाच बसला होता.

"सावलीत सरक रे," मी त्याला म्हटलं.