धूर कुठाय?

घंटा कुठलीही वाजो, आमच्या शेजारचे लोंढेकाका आधी तिला खोटं ठरवतात. कुकरची शिट्टी असो, खालच्या गाडीचा हॉर्न असो की दारात दूधवाला असो, मोशीतल्या आमच्या जिन्यात आवाज घुमतो, "फॉल्स अलार्म! धूर कुठाय?"

चाकणच्या एका कंपनीत काका जन्मभर आगीच्या बंदोबस्ताला होते. तिथे ऊठसूट सायरन वाजायचा आणि निघायचं काय, तर सेन्सरवर बसलेलं झुरळ. तेव्हापासून या माणसाचा आवाजावरचा विश्वासच उडाला. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये अडकले आणि घंटा बडवत राहिले. जमलेल्या सगळ्यांना काकांनी घरी पाठवलं. "खरंच अडकला असेल तर ओरडेल की, राव!" सेक्रेटरी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिता येत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. एक सोडून.

काकांची मुलगी रश्मी ही माझी मैत्रीण. पाळी आली की पोट धरून गडाबडा लोळायची. आकुर्डीच्या ऑफिसातून मीच तिला कितीदा स्कूटरवर घालून आणलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही. झालं! काकांच्या हाती पुरावाच आला. "रिपोर्ट क्लीन आहे. धूर कुठाय?" मग रश्मीने घरी सांगणंच सोडलं.

यंदा ती ऑफिसात चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. निघालं एंडोमेट्रिओसिस. नंतर दाखवायला गेलो तेव्हा काका-काकू होते आणि रश्मीने मलाही आत ओढलं.

"गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, भलत्याच जागी वाढल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना हुसकायला शरीराचे पहारेकरी धावतात. सायटोकाइन नावाची रसायनं सोडून एकमेकांना हाका मारतात. या आजारात त्या हाका थांबतच नाहीत. त्यातून सूज येते, दुखणं वाढतं आणि त्या पेशी उलट आणखी रुजतात."

काकांचा चेहरा उजळला. हे त्यांच्या खात्यातलं होतं. "म्हणजे सेन्सर खराब!"

"नाही हो. आग खरी आहे. सायरन बंद होत नाही आणि आलेले बंबच आगीत तेल ओततात. सोनोग्राफीत दरवेळी दिसत नाही, एवढंच."

इतका वेळ पदराशी चाळा करत बसलेल्या काकूंनी विचारलं, "हे आईकडून येतं का हो?"

"येऊ शकतं. तुम्हाला त्रास व्हायचा?"

"व्हायचा. पण यांनी तेव्हा सांगितलं होतं, काही नाही म्हणून."

आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते ऐकवेना.

परवा त्यांची वाटी परत करायला गेले. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. काका चकार शब्द बोलले नाहीत, ओट्याशी उभे राहून गरम पाण्याची पिशवी भरत होते. मला वाटलं रश्मीसाठी, पण ती ऑफिसला गेली होती. पिशवी टॉवेलात गुंडाळून ते काकूंपाशी जाऊन बसले.

"अहो, पाळी जाऊन किती वर्षं झाली मला! आता कुठे दुखतंय?"

"माहितीये गं," काका म्हणाले. "तरी धर."

काकूंनी ती पोटाशी धरली. वाईट वाटलं मला. हे काकूंच्या तिशीत झालं असतं तर!

"जरा भाजतंय हो," काकू हळूच म्हणाल्या.

काका ताबडतोब उठले आणि पिशवीतलं पाणी बदलून आले.