चौथ्या खांबाला मिठी

तुम्हाला म्हणून सांगतो, घरातलं कुठलंच काम अवघड नसतं. अवघड असतात ती, काम अवघड आहे असं सांगणारी माणसं! आता आमच्या व्हरांड्याच्या चार लाकडी खांबांना पीव्हीसीची पांढरी कव्हरं घालायची, यात आहे काय? एका कव्हरचे दोन अर्धे असतात. एक पुढून लावायचा, एक मागून, आणि दाबायचं. खट्! खांब नवाकोरा. दुकानदार म्हणाला, "साहेब, लहान मूलसुद्धा बसवेल. फक्त लक्षात ठेवा, एकदा बसलं की बसलं!"

हे शेवटचं वाक्य मी कव्हराचा गुण म्हणून ऐकलं.

बायको म्हणाली, "अहो, सुताराला बोलवा."

"सुताराच्या जावयानं सुताराला बोलवायचं?"

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली आणि डबा भरायला लागली.

आता हे जरा समजावून सांगतो. आमचे सासरे सुतार. आम्ही राहतो ते घर मूळचं त्यांचंच, व्हरांड्याचे खांबही त्यांच्याच हातचे. आमचं लग्न झाल्यावर त्यांनी घर आम्हाला दिलं आणि स्वतः दोन गल्ल्या पलीकडे लहान जागेत गेले. महिन्यातून दोनदा येतात, खुर्चीत बसतात, आणि चहा संपेपर्यंत त्या खांबांकडे बघत राहतात. बोलत काही नाहीत. रंगाचे पोपडे निघालेत, हे मला न बोलता सुनावलं जात होतं, दुसरं काय! त्यात लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ठोकलेली फळी त्यांच्या चहाच्या कपात पडली होती. त्यालाही ते काही बोलले नव्हते. कप बाजूला ठेवून त्यांनी फळीचे खिळे मोजले होते. दोन होते.

तर हल्ली सासऱ्यांचे हात कापतात. रंधा धरवत नाही. एके दिवशी ते म्हणाले, "शनिवारी चार वाजता येतो. पेटी घेऊन येतो. ती आता कुणाच्या तरी हातात द्यायला हवी."

पेटी म्हणजे त्यांच्या हत्यारांची पेटी. करवती, पटाश्या, गुण्या, चाळीस वर्षं पोटच्या पोरासारखी जपलेली. बायकोचे डोळे भरून आले. माझाही ऊर भरून आला, कारण त्यांना मुलगा नाही आणि जावई मी एकच. मात्र द्यायची तर पात्र माणसाला, आणि ती फळी अजून आमच्या दोघांच्या मध्ये होती. म्हणून ठरवलं, शनिवारी चारच्या आत चारही खांब चकाचक! सासरे फाटकातून आत येतील, थबकतील, आणि म्हणतील, "जावईबापू, घ्या पेटी."

तयारी जय्यत केली. कामाचं म्हणून खास जाड कापडाचं जाकीट आणलं, गळ्यापासून कमरेपर्यंत चेन असलेलं. "काही झालं तरी फाटणार नाही," असं त्या दुकानदारानंही सांगितलं होतं. त्या आठवड्यात मला सगळे दुकानदार खरं बोलणारे भेटले.

माप घेतलं. चारही खांब एकाच माणसानं केलेले, तेही आमच्या सासऱ्यांसारख्या कसबी माणसानं. म्हणजे एक मोजला की चार मोजले! कव्हरांबरोबर माहितीचा कागद होता, तो घडी घालून मागच्या खिशात ठेवला. कागद वाचून काम करणारे वेगळे.

शनिवारी बायको नऊ वाजता गेली. ती डोळ्यांच्या दवाखान्यात नावनोंदणीला बसते, शनिवारी दोनपर्यंत. मी कामाला लागलो. पहिला खांब, खट्! असा बसला की मी चार पावलं मागे जाऊन स्वतःच्या पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला. दुसरा जरा आडमुठा निघाला, पण गुडघा लावल्यावर ऐकला. तिसरा तर अलगद बसला. इतका अलगद, की कव्हर हलून आत खांबावर आपटलेलं ऐकू येत होतं. मी म्हटलं, हवा खेळती राहील.

इतक्यात वाऱ्यानं घराचं दार धाडकन लागलं. लॅचचं दार, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. फोन आत, पाकीट आत.

मी हसलो! आमच्या घरात किल्लीची चिंता कुणाला? बायको शाळेत असताना सासऱ्यांनी तिच्यासाठी खांबाच्या मागच्या बाजूला एक छोटी खोबण कोरली होती, तिच्या हाताला येईल अशा उंचीवर. जादा किल्ली तेव्हापासून तिथंच असते. घरचं सोडून कुणाला माहीत नाही. तिसऱ्या खांबाला.

मी तिसऱ्या खांबाकडे बघितलं. पांढरा, गुळगुळीत, आणि बसलं की बसलं.

असू दे. माणसानं हातातलं काम आधी संपवावं. किल्लीचं नंतर बघू म्हणून मी चौथ्याकडे वळलो. आणि हा खांब म्हणजे काय सांगू! दोन्ही अर्धे लावले तर मध्ये बोटभर फट. गुडघा लावला, खांदा लावला, शेवटी खांबाला दोन्ही हातांनी कवटाळून छातीचा जोर लावला. "येतोस का नाही!" असं ओरडलोसुद्धा. आणि आला. खट्! खट्! खट्! खालपासून वरपर्यंत.

विजयानं मागे सरकायला गेलो, तर मागे सरकताच येईना.

जाकिटाची चेन, गळ्यापासून बेंबीपर्यंत, त्या जोडाच्या आत गेली होती. मी ओढलं. जाकीट फाटलं नाही. फाटणार नाही असं सांगितलंच होतं! चेन खाली करावी, तर चेनच आत. मग डोकं लढवलं, हात बाह्यांतून आत घेतले आणि सापानं कात टाकावी तसा खालून निसटायला गेलो. नाकापर्यंत गेलो आणि तिथंच अडकलो. ना वर, ना खाली. आतून मी "ऊं ऊं" करत होतो आणि कव्हराच्या उग्र वासानं डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कसाबसा परत वर आलो, तर समोर शेजारच्या काकू.

आमच्या गल्लीत त्यांना दवंडीकाकू म्हणतात. त्यांना सांगितलेली गोष्ट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्यांच्या आधी पोचते. त्यांना खरं सांगायचं म्हणजे सासऱ्यांच्या कानावर ते चारच्या आत जाणार. पेटी गेलीच!

"भाऊजी, काय झालं हो?"

"कुठं काय? सहज उभा आहे."

"खांबाला धरून?"

"वारा छान येतो इथं."

काकूंनी बंद दाराकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांतल्या पाण्याकडे. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"दार आतून लावलंय का तिनं?"

"छे हो! ती कामावर गेलीय."

"मग तुम्हाला बाहेर काढून कुलूप लावून गेली?"

"काकू, तसं काही नाही! तुम्ही जा ना, स्वयंपाक राहिला असेल तुमचा."

"भाऊजी, मन मोकळं करा. तीस वर्षं संसार केलाय मी. आमचे हे तर एकदा रुसून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसले होते. तुम्ही निदान खालीच आहात." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आपल्या घरात गेल्या आणि खिडकी उघडी ठेवून फोन लावला. फोन नसता तरी दवाखान्यात ऐकू गेलं असतं.

"अगं, तुझे हे खांबाला मिठी मारून रडतायत! हो, ढसाढसा! घर बंद आहे... नाही गं, मी कशाला विचारू, मला नसत्या चौकशा करायची सवयच नाही!"

त्यानंतरच्या अर्ध्या तासात आमच्या फाटकावरून जितकी माणसं गेली, तितकी एरवी महिन्यात जात नाहीत. जो तो हळू चालत होता. एकानं लांबूनच हात जोडले. मी गाल खांबाला टेकवून, जणू खांबाचं म्हणणं ऐकतोय असा चेहरा करून उभा होतो.

आणि पावणेएकला फाटक वाजलं. सासरे! सायकल हातात धरून चालत आलेले, मागच्या कॅरिअरला ती पेटी, चारसाठी म्हणून सकाळीच दोरीनं बांधून ठेवलेली. श्वास लागलेला. पळून जावंसं वाटलं, पण पळायची सोय नव्हती.

"पोरीचा फोन आला," ते म्हणाले. "म्हणाली, मी निघालेय, तोवर ह्यांना काय झालंय बघा. काय झालं, जावईबापू? लागेल असं बोलली का काही? बोलते ती. आईवर गेलीय."

"भांडण नाही हो, बाबा."

"मग रडताय कशाला?"

"रडत नाही. अडकलोय."

मग सगळं सांगावं लागलं. फळी विसरावी म्हणून ज्या माणसासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच खांबाला गाल लावून सगळं सांगितलं. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग आल्यापासून पहिल्यांदाच त्यांची नजर खांबांवर गेली. एक, दोन, तीन, चार. पांढरेशुभ्र.

"माझे खांब झाकलेत तुम्ही?"

"हो."

"चारही?"

"चारही."

"मोजून?"

"एक मोजला."

त्यांनी पेटी सोडून खाली ठेवली, तिच्यावर बसले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, गेलं, म्हाताऱ्या माणसाला रडवलं मी. त्यांनी आयुष्यभर जपलेलं काम मी एका सकाळीत पुसून टाकलं. "बाबा, माफ करा," मी म्हणालो, आणि आता मात्र मला खरंच रडू आलं.

ते हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते!

"अहो, बावीस वर्षांचा होतो मी. शिकत होतो. पोर जन्मायच्या आत छप्पर पुरं करायचं म्हणून घाईघाईत केलेले खांब आहेत हे. चार खांब, चार जाड्या! तिसरा बारीक झाला म्हणून चौथा जाड ठेवला, तर तो भलताच जाड झाला. पुढं लोकांची घरं भरून काम केलं, पण इथं आलो की चहा कडू लागायचा. दर वेळी वाटायचं, जावई आज विचारणार, बाबा, हे असे कसे?"

"मला वाटायचं, तुम्ही रंगाचे पोपडे बघताय!"

"रंग कोण बघतंय?"

इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांना घाबरून चहा पीत होतो!

तेवढ्यात बायको पोचली. धावत आलेली. मला वाटलं, आता गळ्यात पडेल, पण गळा खांबाकडे होता. तिनं मला खालून वर बघितलं, सरळ माझ्या मागच्या खिशात हात घातला आणि घडी घातलेला कागद काढून वाचायला लागली.

"'प्रत्येक खांब तीन ठिकाणी मोजावा,'" तिनं मोठ्यानं वाचलं.

"ते झालं. पुढचं वाच," मी म्हणालो.

"'काढायचं झाल्यास तळाशी पातळ पातं घालून खटका दाबावा. जोड वरपर्यंत सुटेल.'" तिनं मागे न बघता हात पुढं केला. "बाबा, अर्ध्या इंचाची पटाशी."

सासऱ्यांनी पेटी उघडून कापऱ्या हातानं पटाशी दिली. ती खाली बसली, पातं जोडात सरकवलं, मनगट एकदा फिरवलं. खट्, खट्, खट्! मी थेट मागच्या कुंडीत जाऊन बसलो.

तिचं लक्षही नव्हतं. ती तिसऱ्या खांबाकडे गेली, कव्हर उघडून किल्ली काढली, आणि तिथंच पायरीवर बसून कव्हरावर पेन्सिलीनं खूण करून खोबणीच्या मापाची खिडकी कापली. एकदा मापून, एकदा पडताळून. धार कुठं निसटली नाही. सासरे हसायचे थांबून तिच्या हातांकडे बघत राहिले.

"हे कधी शिकलीस गं?"

"तुमच्याच शेजारी बसून. दहा वर्षांची असताना पेटी मागितली होती मी. तुम्ही म्हणालात, मोठी झालीस की नवऱ्याला देईन."

सासऱ्यांनी त्या कापलेल्या खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग उठले, पेटी उचलून तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "चुकलो मी. मोजायला हवं होतं." तिनं पेटीवर डोकं टेकलं. आणि खरं सांगतो, पेटी मला मिळाली नाही याचं त्या घडीला मला काही वाटलं नाही. संध्याकाळी थोडं वाटलं.

दवंडीकाकूंनी त्याच दिवशी गल्लीभर सांगितलं, की वडिलांनी मध्यस्थी करून लेकीच्या संसाराची घडी बसवून दिली. आता दर रविवारी आमच्या व्हरांड्यात काम चालतं. चौथ्या खांबाचं कव्हर मापाचं आणलं, ते बायकोनंच बसवलं. सासरे खुर्चीतून सूचना देतात, चहा गोड लागतो म्हणतात, आणि बायको कापते, तासते, जोडते.

मलाही काम आहे बरं का! कापताना लाकूड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभं राहायचं. बायको म्हणते, त्यातला अनुभव घरात माझ्याइतका कुणालाच नाही.