तेरावा संच

यादी मी करतो, असं मी म्हणालो. एवढंच. (म्हणालो की तोंडातून निसटलं, याबद्दल अजून माझी खात्री होत नाही. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी माझी फारशा कशाबद्दलच खात्री होत नाही.)

आमच्याकडे इस्फहानला पेकान ही जुनी इराणी गाडी अजून पाळणारे जे थोडे वेडे उरलेत, ते सगळे शुक्रवारी सकाळी उस्ता रजबअलीच्या गॅरेजात चहाला जमतात. माझी पेकान वडिलांची. पेट्रोल कमी पिते आणि ऑइल जास्त खाते. मागच्या वसंतात आम्ही मेव्हणीकडे काशानला निघालो होतो. तिच्याकडे गुलाबपाण्याची भट्टी लागते आणि माझी बायको मोनीर तिथे नसली तर ती भट्टी नीट लागत नाही, असं मोनीरचं म्हणणं आहे. नतंझच्या चढावर गाडीने एवढा धूर सोडला की मागचा ट्रकवाला आग विझवायला पाण्याचा कॅन घेऊन धावत आला. घरी आलो ते त्याच्याच ट्रकमधून, कांद्याच्या पोत्यांवर बसून.

"येत्या गुलाबांना ही गाडी काशानला पोचली तर ठीक," मोनीर कांद्याचं साल केसांतून काढत म्हणाली, "नाहीतर भंगारवाला."

उस्ताने इंजिनात डोकं घातलं आणि निदान केलं. "पिस्टन गेलेत, डॉक्टर. रिंगाही गेल्या. बाजारात मिळतो तो सगळा कचरा. तब्रीझला एक कारखाना आहे, अस्सलपेक्षा चांगले करून देतो. पण एका वेळी बारा संच. कमी नाही, जास्त नाही."

गॅरेजात माझ्याशिवाय बाराजण होते आणि बाराही जणांच्या गाड्या धूर सोडत होत्या. तेव्हा मी ते वाक्य बोललो.

मी चौतीस वर्षं विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवलं. माझा प्रबंध नकार या विषयावर आहे. त्यामुळे मी फोनवरच्या आमच्या गटात अत्यंत स्वच्छ प्रश्न टाकला: "आपल्याला संच हवा आहे का?"

अकरा उत्तरं आली. "डॉक्टरजान, तुमची कृपा आहे तेवढी पुरे." "आधी इतरांना द्या, माझं काय!" "मी पायी चालेन, तुम्ही कशाला त्रास घेता?" एकूण अकरा नकार. बारावं उत्तर कीवान रासेख या इंजिनिअरचं होतं. तीस वर्षं हॅम्बुर्गला राहून परतलेला माणूस. त्याने लिहिलं होतं, "हो. एक. कधी?"

मी खचलो. मोनीर भाजी निवडत होती.

"कुणालाच नकोय," मी म्हणालो.

"किती वेळा विचारलंत?"

"एकदा."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "अहो, एकदा विचारल्यावर कुठला सभ्य माणूस हो म्हणेल? तुम्ही मला मागणी घातलीत तेव्हा मी किती वेळा नाही म्हटलं होतं?"

"दोनदा."

"आणि तुम्ही तिसऱ्यांदा आलात. तेव्हा प्रबंध व्हायचा होता ना, म्हणून अक्कल होती."

मी दुसऱ्यांदा विचारलं. नकार जरा मऊ पडले. तिसऱ्यांदा विचारल्यावर अकराही जण "आता तुमचा एवढा आग्रहच आहे तर" म्हणून तयार झाले. रासेखने तिन्ही वेळा "हो. एक. कधी?" हेच लिहिलं आणि शेवटी पुढे जोडलं, "गटात काही बिघाड आहे का?"

बारा नावं झाली. मी थांबलो. आता कुणीतरी मला विचारेल, "आणि डॉक्टर, तुमचं काय?" मग मी दोनदा नको म्हणेन. एका वाक्याचा प्रश्न होता. यादी करणाऱ्यानेच आपलं नाव यादीत घालायचं, हा उद्धटपणा माझ्या हातून होणं शक्य नव्हतं. मी चार दिवस फोन उशाशी घेऊन झोपलो. पाचव्या दिवशी तब्रीझला यादी पाठवून दिली.

नवरोजच्या आधीच्या शुक्रवारी खोकं आलं. उस्ताने एकेक नाव वाचलं, एकेक संच दिला. खोकं रिकामं झालं.

"डॉक्टर, तुमचा?"

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हणालो.

गॅरेजात हाहाकार उडाला. माझ्या घराशेजारचे फार्मासिस्ट नूरबख्श आपलं पुडकं घेऊन धावत आले. "माझा घ्या! तुमच्यावरून ओवाळून टाकला!" अकरा माणसं अकरा पुडकी माझ्या छातीशी दाबत होती.

"छे छे, तुमच्याकडेच शोभतो," मी म्हणालो.

"घ्याच!"

"जिवात जीव असेपर्यंत नाही!" मी दुसऱ्यांदा म्हणालो आणि हात नकळत थोडे पुढे केले.

नूरबख्शांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं होतं. मी ते उघडलेलं पाहिलं. तेवढ्यात रासेख पुढे झाला. "थांबा. डॉक्टर दोनदा नाही म्हणालेत. विद्वान माणूस आहे. त्याच्या शब्दाला काही मान द्याल की नाही?"

अकरा चेहऱ्यांवर एकदम शांती पसरली. पुडकी पिशव्यांत गेली. तब्रीझला एकट्यासाठी भट्टी पेटत नाही, हे उस्ताने मला चहा देताना हळूच सांगितलं.

गुलाब फुलले. रासेख आणि त्याची बायको नव्या पिस्टनांच्या गाडीतून दाराशी आले. "आम्ही काशानलाच चाललोय. चला दोघंही."

मी "कशाला त्रास" म्हणेपर्यंत मोनीर मागच्या सीटवर बसली होती. तिची पिशवी आधीपासून दाराशी भरून ठेवलेली होती.

"या ना, डॉक्टर," रासेख दुसऱ्यांदा म्हणाला.

"नको हो, तुम्हाला अडचण."

"बरं," तो म्हणाला आणि निघाला. त्याच्या गाडीतून अजिबात धूर निघत नव्हता.

जाता जाता मोनीरने काचेतून सांगितलं की भंगारवाला शनिवारी येणार आहे.

तो आला. चेहऱ्याने गरीब दिसणारा माणूस. त्याने चहा घेतला, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "आगा, असली गाडी मोडायला माझा हात धजणार नाही. राहू द्या तुमच्याकडेच."

मला याहून जास्त काही नको होतं. शब्दशः काही नको होतं. पण दारात आलेल्या माणसाला एवढ्यावर कसं पाठवायचं?

"असं कसं, न्या की!" मी म्हणालो.

"नाही आगा, वडिलांची आठवण आहे."

"तुमचीच समजा!"

"पाप लागेल मला."

"माझी शपथ आहे!" मी म्हणालो. तो संकोचला, मान खाली घातली आणि त्याने किल्ली घेतली. (किल्ली मीच त्याच्या खिशात कोंबली, असं नूरबख्श म्हणतात. ते खिडकीतून पाहत होते.)

संध्याकाळी काशानहून फोन आला.

"गेली गाडी?" मोनीरने विचारलं.

"गेली."

"रडलात?"

"छे."

"खरंच नाही?"

"काहीतरीच काय."

पलीकडे तिने कुणालातरी भट्टीकडे बघायला सांगितलं. "अहो, रडलात का?"

"आता तुझा एवढा आग्रहच आहे तर," मी म्हणालो, "थोडंसं."