ग्रह गिळणारा भाऊ

विज्ञानात भावनेला थारा नसतो, तिथं फक्त पुरावा बोलतो, असं खगोलशास्त्रज्ञाने वार्ताहर बाईंना बजावलं आणि पुढच्याच मिनिटाला सख्ख्या भावाबद्दलची लहानपणापासूनची तक्रार बोलून टाकली.

झालं होतं असं. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांचा प्रकाश त्याने तपासला होता. एकाच ढगातून जन्मलेले जुळे! दोघांच्या अंगात लोह सारखंच हवं. पण पहिल्यात ते चांगलंच जास्त निघालं. म्हणजे पहिल्याने आपल्याभोवतीचे लोहाने भरलेले दगडी ग्रह गिळले असणार!

“सोप्या भाषेत सांगा ना, सर,” बाई म्हणाल्या.

“अगदी सोपं! मी आणि माझा जुळा भाऊ. एकच आई, एकच पाळणा. पण तो सात मिनिटांनी थोरला, म्हणून समोर येईल ते गट्टम!”

गुरुवारी पेपरात मथळा आला: ‘ग्रह गिळणारा भाऊ!’ खाली दोघांचा शाळेतला फोटो. थोरल्याचे गाल त्यात नेमके फुगलेले.

थोरला दातांचा डॉक्टर. त्याच्या खुर्चीत बसलेल्याला बोलता येत नाही, हेच त्या धंद्यातलं काय ते सुख. त्या दिवशी मात्र प्रत्येक पेशंटने आ करण्याआधी विचारून घेतलं, “काय डॉक्टर, गुरू पचला का?”

दुपारी धाकट्याला त्याचा फोन आला.

“काय हो शास्त्रज्ञ, तुझं काय गिळलं मी?”

“अरे, उदाहरण होतं ते!”

“उभ्या आयुष्यात एक शर्टाचं बटण गिळलं. तेही तूच गोळी म्हणून दिलं होतंस!”

“हे बघ, मी ताऱ्यांबद्दल बोलतोय. आणि आकडे खोटं बोलत नाहीत.”

इथे एक ‘चुकलं रे’ पुरलं असतं. धाकट्याला ते कळतही होतं. पण आकड्यांच्या खांद्यावर बसलेल्या माणसाला खाली उतरायचं सुचत नाही.

“मग रविवारी पन्नासावा वाढदिवस आकड्यांबरोबर कर,” म्हणून थोरल्याने फोन ठेवला. आजवरचा एकही वाढदिवस त्यांनी वेगळा केला नव्हता. कांजिण्या आल्या त्या वर्षीसुद्धा एकाच खाटेवर खाजवत बसून केला होता!

शुक्रवारी सहायक बाई दारात उभ्या.

“सर, दुसऱ्या ताऱ्यात आर्गॉन वायू दिसतोय.”

“दिसू दे की!”

“अशा ताऱ्यात तो दिसत नाही, सर. तो आपल्या दिव्यात असतो.”

दुर्बिणीपाशी लोखंड आणि आर्गॉन भरलेला एक दिवा असतो. त्याच्या रेषा कुठे पडतात ते पक्कं ठाऊक, म्हणून ताऱ्याच्या आधी आणि नंतर तो मोजपट्टीसारखा लावतात. मधे विझवायचा असतो. तो विझलाच नव्हता! त्याचा उजेड झिरपला, दुसऱ्या ताऱ्यातल्या लोहाच्या काळ्या रेषा त्याने पुसट केल्या आणि तो बिचारा उगाच अशक्त ठरला. पहिल्याने खडासुद्धा गिळला नव्हता.

“विसरलात कसे, सर?”

“फोनवर होतो.”

“इतका वेळ? कोणाशी?”

वाढदिवसाला कोणाकोणाला बोलवायचं, यावर त्या रात्री धाकटा चाळीस मिनिटं थोरल्याशी खिदळत होता.

त्याने वार्ताहर बाईंना फोन लावला. “चूक माझीच आहे. दोन्ही तारे सारखेच आहेत. आणि माझ्या भावानेही काही गिळलेलं नाही, तेवढं छापा.”

“त्याचा काही पुरावा आहे का, सर?”

शनिवारी सातव्या पानावर दोन ओळी आल्या: ‘त्या ताऱ्यांची जडणघडण सारखीच असल्याचे कळते. भावाबाबत दुजोरा मिळू शकला नाही.’

कात्रण घेऊन धाकटा दवाखान्यात गेला.

“अपॉइंटमेंट?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“मी भाऊ आहे त्यांचा.”

“ते तोंडावरून कळतंय. चौदावा नंबर.”

दोन तासांनी तो खुर्चीत आडवा झाला. थोरल्याने कात्रण वाचलं, घडी घातली आणि ट्रेमध्ये ठेवलं.

“आ करा.”

करा! धाकट्याला सुईपेक्षा ते जास्त टोचलं. त्याने वाटेत पाठ केलेली माफी मागायला सुरुवात केली, पण तोवर तोंडात कापूस होता.

“आ... उं... आं...”

“बोलू नका, आरसा हलतोय.” थोरल्याने आतली प्रत्येक दाढ ठोकून पाहिली. “वरची किडली आहे. सोमवारी या.”

धाकट्याने कापूस थुंकला. “आणि रविवारी?”

“रविवारी दवाखाना बंद असतो,” म्हणून थोरल्याने पंधराव्या नंबरला हाक मारली.